देवावर सोडलेले दिवस

डॉक्टरबाईंनी या पुस्तकाचं हस्तलिखित वाचायला दिलं, तेव्हा मी सगळ्यात आधी शेवटचं प्रकरण काढलं. इंजेक्शनच्या वेळी नेमकं काय होतं, ते त्यात चार पानांत सांगितलं आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण हेच करतील असा माझा अंदाज आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याचं कुत्रं ठणठणीत आहे तो हे पुस्तक विकत घेणारच नाही. ज्यानं घेतलं आहे त्याच्या गॅलरीत किंवा ओसरीवर एक जनावर मान टाकून पडलं आहे, आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलताहेत.

प्रस्तावना मी का लिहावी, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. मी पशुवैद्य नाही, कुठल्या प्राणिमित्र संस्थेत नाही. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिन्ही केलंय." खरं आहे. एका कुत्र्याच्या वेळी आम्ही काहीच ठरवलं नाही, दुसऱ्याची शस्त्रक्रिया केली आणि नंतर त्याला इंजेक्शनही दिलं, तिसरीला वय झालेलं असताना टेबलावर चढवली. पहिली चूक होती. तिसरं बरोबर होतं. मधल्याबद्दल माझं अजून ठरत नाही.

चुकीपासून सुरू करते.

१९९८ साल. साताऱ्याच्या घरी राजा होता, तेरा वर्षांचा, तांबडा, एक कान कायम पडलेला. त्या उन्हाळ्यात तो ढसाढसा पाणी प्यायला लागला. मग खाणं टाकलं, मग उलट्या सुरू झाल्या, तोंडात फोड आले आणि श्वासाला लघवीसारखा वास यायला लागला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर घरी आले, त्याचे ओठ उचलून पाहिले आणि म्हणाले, मूत्रपिंडं गेली. अण्णांनी विचारलं, काही करता येईल का? ते म्हणाले, "सलाइन लावू. बाकी तुम्ही म्हणाल तसं." या 'तुम्ही म्हणाल तसं'चा अर्थ अण्णांना बरोबर कळला होता. अण्णा शाळामास्तर, त्यातून माळकरी. ते म्हणाले, "देवाच्या मनात येईल तेव्हा नेईल."

देवानं एकोणीस दिवस घेतले.

ओसरीच्या खुंटीला सलाइनची बाटली टांगलेली असायची. आई बोटानं त्याच्या जिभेला पाणी लावायची, मी माश्या बसू नयेत म्हणून वारा घालत बसायची. शेवटच्या आठवड्यात त्याला कूस बदलता येत नव्हती. खालच्या बाजूची कातडी सोलवटून निघाली. शेजारच्या काकू म्हणायच्या, पुण्यवान जीव आहे, आपोआप सुटेल. विसाव्या दिवशी पहाटे झटके येऊन तो गेला. त्या तासाभरात अण्णा देवघरातून बाहेर आले नाहीत. आम्ही त्याला मारलं नाही, याचं समाधान मात्र घरात पुढे कित्येक वर्षं होतं. मलाही होतं.

मला या पुस्तकाबद्दल जे सांगायचं आहे ते इथेच आहे. शस्त्रक्रिया की इंजेक्शन, असा प्रश्न आपण विचारतो, पण आपल्याकडे बहुतेक घरांत उत्तर तिसरंच निघतं. दोन्ही नको. बघू या. सलाइन लावू. देवावर सोडू. यालाही निर्णयच म्हणतात. फक्त तो घेतल्याचं कुणी कबूल करत नाही, आणि त्याची किंमत घरातला एकटा कुत्रा मोजतो.

यावर एक ठरलेलं उत्तर आहे. माझ्या सासूबाईंनीही ते दिलं होतं: त्याचे भोग त्याला भोगून संपवू दे, अर्ध्यात सोडवलंस तर उरलेले भोगायला पुन्हा जन्म घ्यावा लागेल. मी वादाला उभी राहणारी सून नव्हे. पण मनात आलं, की मग सलाइन कशाला? भोगात ढवळाढवळच करायची नसेल, तर गोचिडाच्या तापावरच्या गोळ्याही बंद करायला हव्यात, आणि पावसात भिजणाऱ्या पिल्लाला आत घेणंसुद्धा. ज्या दिवशी आपण त्याच्या गळ्यात पट्टा घातला त्या दिवशीच त्याच्या प्रारब्धात आपली ढवळाढवळ सुरू झाली. शेवटच्या आठवड्यात अंग काढून घेता येत नाही.

हा वाद जुना आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असंच पडलं होतं. उपचार झाले, डॉक्टरांनी आशा सोडली, त्याला कूससुद्धा वळवता येईना. आश्रमात चर्चा झाली. एका समंजस शेजाऱ्यानं विरोध केला, की जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. गांधीजींनी ते ऐकून घेतलं, आणि तरी डॉक्टरांकडून वासराला विषाचं इंजेक्शन देववलं. ते स्वतः तिथे हजर होते. मग त्यांनी ते लपवलं नाही, 'नवजीवन'मध्ये लिहिलं, आणि देशभरातून संतापाची पत्रं ओढवून घेतली. अहिंसेच्या माणसानं वासरू मारलं! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की असह्य वेदनेतल्या जीवाला केवळ आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून तसंच ठेवणं ही अहिंसा नव्हे. अण्णा खादी वापरायचे. ही गोष्ट त्यांना ठाऊक होती की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

मराठीत या कृतीला धड शब्दही नाही. 'दयामरण' हा वर्तमानपत्रातला शब्द. घरात कुणी तो उच्चारत नाही. डॉक्टर म्हणतात, 'पुट डाउन करू'. कुत्र्याचा मालक म्हणतो, 'इंजेक्शन दिलं'. सासूबाई शेवटी 'सोडवलं' म्हणायला लागल्या, आणि मला तोच शब्द त्यातल्या त्यात बरा वाटतो. 'झोपवलं' हा शब्द मात्र लहान मुलांसमोर वापरू नये, असं डॉक्टरबाईंनी आत बजावलं आहे. त्यांच्याकडच्या एका घरातला चार वर्षांचा मुलगा त्यानंतर रात्री डोळे मिटेना.

'दयामरण' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयात २०१५ पर्यंत अंथरुणावर होती, आणि तिथल्या परिचारिकांनी तिला घरच्या माणसासारखं सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्यासाठीची मागणी नाकारली, पण उपचार थांबवण्याचा मार्ग काही अटींवर मोकळा केला. २०१८ च्या निकालानं तो आणखी स्पष्ट केला. माणसाच्या बाबतीत म्हणूनच आपल्याकडे कायदा असा आहे: उपचार काढून घेता येतील, प्राण घेणारं इंजेक्शन देता येणार नाही. कुत्र्याचा प्रश्न आला की हाच नियम नकळत आपण त्यालाही लावतो. उपचार थांबवतो, इंजेक्शन देत नाही, आणि आपण मध्यम मार्ग काढला असं समजतो. पण माणसाचे उपचार थांबवले तरी उशाशी परिचारिका असते, मॉर्फिन मिळू शकतं, दर दोन तासांनी कूस बदलली जाते. ओसरीवरच्या राजाला यातलं काय होतं? एक पंखा, तोही हाताचा.

कायद्याचं बोलणं निघालंच आहे तर एवढं सांगून पुढे जाते. घरच्या कुत्र्याचा निर्णय मालकानं आणि नोंदणीकृत पशुवैद्यानं मिळून घ्यायचा असतो. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तरतूद आहे: बरा न होणारा आजार किंवा प्राणघातक जखम असेल आणि स्थानिक समितीनं नेमलेल्या पथकानं तसं निदान केलं असेल, तरच. त्याच नियमांत एक ओळ आहे, की कुठल्याही कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर असं मरण देऊ नये. नियम लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी कुत्री असावीत.

आता ढब्बू.

ढब्बू लॅब्रडोर, दहा वर्षांचा, छत्तीस किलोंचा. आम्ही तेव्हा पुण्यात. १४ जुलै २०१६ च्या संध्याकाळी जिना चढताना तो मधल्याच पायरीवर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या चुन्यासारख्या. सोनोग्राफीत प्लीहेवर मोसंब्याएवढी गाठ दिसली आणि पोटात रक्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, गाठ फुटली आहे. तासाभरात ठरवायचंय."

या आजाराची मोठी अडचण अशी, की गाठ कसली आहे ते आधी कळत नाही. साधी रक्त साकळून झालेली गाठ आणि कर्करोगाची गाठ सोनोग्राफीत एकसारख्या दिसू शकतात. प्लीहा काढून तिचे तुकडे तपासायला पाठवले, म्हणजे आठवडा-दहा दिवसांनी उलगडा होतो. पशुवैद्यांच्या कैक पिढ्यांनी एक ढोबळ हिशोब पाठ केलेला आहे: अशा नऊ कुत्र्यांपैकी सहांची गाठ कर्करोगाची, आणि त्या सहांतल्या चौघांची हेमँजिओसार्कोमाची, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून वाढणाऱ्या कर्करोगाची. उरलेली तीन प्लीहा गेल्यावर बरी होऊन घरी जातात आणि पुढे वर्षानुवर्षं जगतात. प्लीहेवाचून कुत्र्याचं काही अडत नाही. पुढच्या अभ्यासांत हे प्रमाण वरखाली झालं आहे. दुसऱ्याच तपासणीत सहज सापडलेली, न फुटलेली गाठ असेल तर आशा जास्त; फुटून रक्त आलं असेल तर कमी. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि आमचा लॅब्रडोर या जातींत हा कर्करोग जास्त दिसतो. तो निघाला, तर नुसत्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांच्या वाट्याला एक ते तीन महिने येतात. डॉक्सोरुबिसिनची केमोथेरपी जोडली तर चार ते सहा. वर्ष ओलांडणारी कुत्री थोडी.

थोडक्यात, जे उत्तर हातात आल्यावर निर्णय घ्यायचा, ते उत्तर निर्णय घेतल्यानंतरच मिळतं.

त्या तासात त्यांनी मला दोन गोष्टी करायला लावल्या, त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. आधी छातीचा एक्स-रे आणि हृदयाची सोनोग्राफी केली. हा कर्करोग फुप्फुसांत पसरतो आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यावरही बसतो. तिथे दिसला तर पोट उघडण्यात अर्थ नाही. ढब्बूचं दोन्ही स्वच्छ होतं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. पोट उघडल्यावर यकृतभर पसरलेलं दिसलं, तर भुलेतच सोडवायचं का? की टाके घालून उठवायचं, आणि मग तुम्ही घरी निरोप घ्यायचा? हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारावा लागतो, कारण त्या वेळी डॉक्टरचे हात पोटात असतात आणि मालक बाहेरच्या बाकावर चहाचा कप धरून बसलेला असतो. नवरा नागपूरला होता. फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उठवू नका म्हणून सांग." मी कागदावर सही केली. माझ्या हातून झालेल्या सगळ्या सह्यांत तेवढी एकच मला अक्षरासकट आठवते.

रक्त हवं होतं. कुत्र्यांसाठी रक्तपेढ्या आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कुणीतरी व्हॉट्सॲपवर निरोप फिरवला, आणि रात्री साडेनऊला कोथरूडहून एक कॉलेजातला मुलगा त्याच्या रॉटवायलरला रिक्षात घालून घेऊन आला. कुत्र्यांचेही रक्तगट असतात. पण परक्या रक्ताविरुद्धची जोरदार प्रतिद्रव्यं आपल्यासारखी त्यांच्या अंगात बहुधा जन्मापासून नसतात, म्हणून आयुष्यातलं पहिलं रक्त बहुतेकांना चालून जातं. दुसऱ्या खेपेपासून मात्र जुळवणी करावीच लागते. रॉटवायलरनं पिशवी भरेस्तोवर मान हलवली नाही. नंतर बिस्किटं खाऊन रिक्षात बसून गेला. मुलानं रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत.

यकृत डोळ्यांना स्वच्छ दिसलं. ढब्बू उठला. नवव्या दिवशी रिपोर्ट आला: हेमँजिओसार्कोमा.

केमो आम्ही केली नाही. माझ्यानंतर जे हे पुस्तक वाचतील त्यांच्यासाठी प्रामाणिकपणे सांगते, की त्यात पैशांचाही भाग होता. शस्त्रक्रियेचं बिल माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं झालं होतं आणि मुलगी बारावीला होती. पण दादानं फोन केला तेव्हा मी म्हटलं, "त्याला आणखी त्रास नको म्हणून." अर्धं खरं. मराठी मध्यमवर्गीय घरांत कुत्र्यावर केलेला खर्च सांगायची लाज वाटते आणि न केलेला सांगायचीही. पैसे हे कारण असू शकतं. ज्याची ऐपत नाही त्यानं कर्ज काढून शस्त्रक्रिया केली नाही, तर तो कमी प्रेमाचा ठरत नाही. गडबड होते ती पैशांच्या कारणाला कुत्र्याच्या भल्याचा सदरा घालून आपण ते स्वतःलाच सांगतो तेव्हा. मग डॉक्टरलाही नीट सल्ला देता येत नाही. खिशात किती आहे हे कळलं, तर आहे त्या पैशांत वेदना कमी करण्याचा उत्तम रस्ता कोणता, हे तो सांगू शकतो.

त्या दिवसांत डॉक्टरबाईंनी मला एक मोजपट्टी दिली होती. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांनी २००४ मध्ये ती मांडली. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे; बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चाललंय ते ठीक चाललंय. पुस्तकात तिसऱ्या प्रकरणात ती सविस्तर दिली आहे. मास्तरांची मुलगी असूनही मला ती जमली नाही. सोमवारी 'आनंद' सात आणि मंगळवारी सहा, हे मी कशावरून ठरवणार? शिवाय माझ्यासारखी बाई पस्तिसाच्या खाली बेरीज गेली की भुकेला दोन गुण वाढवून देते. अण्णाही वरच्या वर्गात घालताना मुलांना असेच गुण वाढवून द्यायचे.

त्यातला सातवा प्रश्न तेवढा मी उचलला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज रात्री झोपण्याआधी एक खूण: चांगल्या दिवसाला गोल, वाईटाला फुली. एकादशी, संकष्टी, दुधाचा हिशोब आणि त्याच चौकटीच्या कोपऱ्यात ढब्बूचा दिवस. खूण करताना आदल्या दिवसाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. पहिल्या अकरा दिवसांवर फुल्याच आहेत. टाके, औषधं, गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं. मग ओळीनं गोल. ५ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या चौकटीत, दोन गोल एकात एक आहेत, कारण त्या दिवशी त्यानं नैवेद्याच्या पानातला उकडीचा मोदक पळवला होता आणि सासूबाई पहिल्यांदाच त्याला रागावल्या नाहीत. मध्ये दोनदा आतून थोडं रक्त गेलं असावं, त्या फुल्या. शेवटच्या आठवड्यात पुन्हा ओळीनं फुल्या. एकूण सत्त्याहत्तर दिवस, बावन्न गोल, पंचवीस फुल्या.

बावन्न दिवसांसाठी हे सगळं करावं का? मला ठाऊक नाही. त्या रात्री टेबलावरच त्याला सोडवलं असतं तर तेही चूक ठरलं नसतं, असं आज वाटतं. त्याला बावन्न दिवस मिळाले हे खरं. पण त्याला 'अजून दिवस हवेत' असं काही वाटत असेल का? ते मला हवे होते. पहिले अकरा दिवस मात्र त्यानं सोसले.

एक गोष्ट या खुणांनी मला शिकवली. मी डोळ्यांवर विसंबत होते आणि डोळे फसवतात. कुत्रं वेदनेनं ओरडतच नाही असं नाही, पण रोजची, मुरलेली वेदना ते दाखवत नाही. शेपूट हलते म्हणजे दुखत नाही असं नव्हे. ती तुम्हाला पाहून हलते. रात्री विनाकारण धापा टाकणं, आडवं न होता बसून राहणं, पाण्याच्या टाकीमागे जाऊन पडणं, हात लावला की त्या जागेकडे मान वळवणं, या खुणा बघायच्या. आणि कृपा करून घरातली डोकेदुखीची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीनं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मायेपोटी घरीच दिलेल्या गोळीनं दगावलेली कुत्री डॉक्टरबाईंनी पाहिली आहेत.

उलटही होतं. जे बघवत नाही ते सगळंच जीवघेणं नसतं. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांत लैंगिक संबंधातून पसरणारी एक गाठ फार आढळते. जननेंद्रियावर रक्ताळलेलं फ्लॉवरसारखं काहीतरी लोंबत असतं, आणि लोक फोन करून सांगतात, याला मारून टाका, हाल बघवत नाहीत. ती गाठ आठवड्याला एक व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन दिलं, तर साधारण चार ते सहा आठवड्यांत बहुतेक वेळा पूर्ण विरघळते. मानेतला किड्यांनी भरलेला खड्डाही असाच. दुर्गंधीनं आपण मागे सरतो, पण किडे काढले, जखम धुतली की महिन्याभरात कातडी जुळते. ज्या कुत्र्याला सोडवायला लोक निघाले होते ते पुन्हा चौकात गाड्यांमागे धावताना मी पाहिलं आहे.

चिंगीची गोष्ट लहान आहे. गावठी, बारा वर्षांची, नसबंदी न केलेली. हा आमचा हलगर्जीपणा. २०२१ मध्ये माजावर येऊन गेल्यावर सहा आठवड्यांनी तिनं खाणं टाकलं, पाणी मात्र बादलीभर. मला राजा आठवला आणि माझे हातपाय गळाले. घरात सगळे म्हणाले, वय झालं, आता कापाकापी नको. ते मूत्रपिंडाचं नव्हतं. गर्भाशयात पू भरला होता. न काढता मरण जवळजवळ ठरलेलं, काढला तर बहुतेक कुत्र्या बऱ्या होतात. भुलेची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून आकडा सांगते. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत धडधाकट कुत्र्यांतलं भुलेशी जोडलेलं मृत्यूचं प्रमाण ०.०५ टक्के होतं, आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के. म्हणजे पंचाहत्तरांत साधारण एक. आपल्याकडच्या साध्या दवाखान्यात धोका याहून जास्त धरावा. तरीही चिंगीच्या बाबतीत तराजू कुठे झुकत होता हे उघड होतं. चौथ्या दिवशी तिनं दूधवाल्यावर भुंकून दाखवलं. पुढे तीन वर्षं जगली आणि एका दुपारी सोफ्याखाली झोपेत गेली. मला काही ठरवावं लागलं नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

राजाच्या वेळी साताऱ्यात रक्त तपासायचीही सोय आमच्या आवाक्यात नव्हती. आज परळला १८८६ पासून उभं असलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर आहेच, पण २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही आहे. मोठ्या शहरांत सीटी स्कॅन होतो, मणक्यांच्या शस्त्रक्रिया होतात. सोयी वाढल्या तसं 'डॉक्टर म्हणाले काही करता येणार नाही' हे वाक्य दुर्मीळ होत चाललं आहे. ते वाक्य ऐकायला क्रूर, पण माणसाला मोकळं करणारं होतं. आता काहीतरी करता येतंच, आणि करायचं की नाही ते आपल्याला सांगावं लागतं. हे पुस्तक आत्ता हवं होतं ते यासाठी.

राहिलं शेवटचं प्रकरण. २९ सप्टेंबर २०१६ ला ढब्बूला पुन्हा रक्तस्राव झाला. डॉक्टरबाई घरी आल्या. गॅलरीत त्याची गादी होती, तिच्यावर जुनी चादर. चिंगीला आतल्या खोलीत ठेवलं. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं, म्हणून मी घाबरले नाही, आणि म्हणूनच तुम्हालाही सांगते. पहिलं इंजेक्शन गुंगीचं असतं. कुत्रं सैल पडतं, घोरायला लागतं. त्यानंतर पायाच्या शिरेत भुलेच्याच जातीचं औषध मोठ्या मात्रेत देतात, आणि मिनिट-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत. मिटवले तरी पुन्हा उघडतात. लघवी होते. कधी कधी नंतर एक-दोन खोल आचके येतात. त्यात जीव नसतो, स्नायू उरलेले असतात. ढब्बूला तसा एक आला. माझा हात त्याच्या कानावर होता. डॉक्टरबाईंनी बराच वेळ स्टेथोस्कोप धरून ठेवला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झालं."

चिंगीला बाहेर सोडलं. तिनं त्याचं तोंड हुंगलं, पंजे हुंगले, आणि जाऊन पाणी प्यायली. आम्ही त्याला रात्रीच साताऱ्याला नेलं. दादानं परसात, राजाच्या शेजारी, खड्डा खणून ठेवला होता. ज्यांच्याकडे परसदार नाही त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलेली बरी. मुंबईत मालाडला महापालिकेनं २०२३ मध्ये लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, बाकी शहरांत विचारावं लागतं, आणि त्या दिवशी फोन फिरवायचं बळ अंगात नसतं. अण्णा तेव्हा शहाऐंशीचे. ते काठी टेकत परसात आले, खड्ड्यापाशी उभे राहिले आणि मला विचारलं, "किती वेळ लागला?" मी म्हटलं, दोन मिनिटं. ते राजाच्या जागेकडे बघत राहिले.

हस्तलिखित परत करताना मी डॉक्टरबाईंना एकच सुचवलं: शेवटी कालनिर्णयासारख्या कोऱ्या चौकटी छापा, खुणा करायला. त्यांना ते पटलं. मी सहा महिन्यांच्या म्हटलं होतं, त्यांनी तीनच छापल्या आहेत.